फ्रिजचं दार वाजलं की कुत्री दिवाणाखाली: डोळ्यांत औषध घालू न देणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं

सकाळी सात वाजता मी फ्रिज उघडला की चिंगी दिवाणाखाली. दूध काढायला उघडला तरी तेच, कोथिंबीर काढायला उघडला तरी तेच. तिच्या डोळ्यांचं औषध फ्रिजच्या दारात असतं, हे तिला आमच्याआधी पाठ झालं होतं. मग मी झाडू घेऊन खाली वाकायचे, आई पलीकडून हात घालायची, चिंगी भिंतीला चिकटून अंगाचं मुटकुळं करायची. कशीबशी बाहेर काढली की एक थेंब गालावर, एक माझ्या मनगटावर, आणि डोळ्यात गेला की नाही ते देवालाच ठाऊक. असे दोन महिने गेले.

चिंगी आमची पग, सात वर्षांची. गेल्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांतून चिकट, दोऱ्यासारखी चिपडं यायला लागली आणि बुबुळावरची चमक गेली. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून एक मिनिट मोजलं. निरोगी कुत्र्याची पट्टी मिनिटभरात १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त ओली होते. चिंगीची उजवीकडे ६ आणि डावीकडे ९ भरली. डोळे कोरडे पडण्याचा हा आजार पग, शिह त्झू, कॉकर स्पॅनियल, बुलडॉग यांच्यात बराच दिसतो. बहुतेक कुत्र्यांना औषध जन्मभर चालू ठेवावं लागतं, थांबवलं की डोळे परत कोरडे पडतात. आमच्याकडे सायक्लोस्पोरिनचं मलम दिवसातून दोनदा आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब चार वेळा. दिवसातून सहा वेळा झटापट जन्मभर करता येत नाही. आम्ही एकेक गोष्ट करून हे कसं सोडवलं, ते सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट तपासा

तुमचा कुत्रा पहिल्या दिवसापासून औषधाला विरोध करतोय, की आठ दिवस नीट घालू दिल्यावर अचानक करायला लागला? या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिल्या दिवसापासूनचा विरोध बहुतेक भीतीचा असतो. पण रोज शांत बसणारा कुत्रा एकाएकी डोकं वळवायला लागला, डोळा मिटून धरायला लागला, पंजाने चोळायला लागला, तर डोळा जास्त दुखतोय असं समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. बुबुळ निळसर धुरकट दिसणं, हिरवट-पिवळा पू, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, डोळा उघडतच नसणं, यांपैकी काहीही असेल तर सोमवारची वाट पाहू नका. बुबुळावरची जखम एका दिवसात खोल जाऊ शकते. अशा डोळ्यावर धरपकड करून दाब आला तर डोळा फुटायचीही भीती असते, म्हणून तिथे घरच्या घरी जबरदस्ती अजिबात करू नये.

नागपुरात पावसाळा संपला की आणखी एक त्रास असतो, कुसळांचा. अंबाझरी, फुटाळ्याच्या बाजूला वाळलेल्या गवतातून कुत्रा नाक खुपसत फिरतो आणि कुसळ पापणीत किंवा तिसऱ्या पापणीच्या (कुत्र्याच्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यात असतो तो पातळ पडदा) मागे जाऊन बसतं. ते आत असेपर्यंत कितीही थेंब घाला, डोळा बरा होत नाही आणि कुत्रा हात लावू देत नाही. एकाच डोळ्यातून अचानक पाणी वाहायला लागलं आणि डोळा किलकिला झाला तर आधी हाच संशय घ्या. ते स्वतः काढायला जाऊ नका.

बाटली दिसली की पळतो

चिंगीला औषधाचा त्रास होत नव्हता, आमच्या येण्याचा होत होता. दोन माणसं, दबकी पावलं, एकाच्या हातात टॉवेल, दुसरा हात पाठीमागे लपवलेला. आई एकदा म्हणाली, "अगं, ते सगळं पाहून राहिली ना तुझ्याकडं. तू हात लपवून राहिली, म्हणून तिला समजून राहिलं." खरंच होतं. ताकाला जाऊन भांडं लपवत होतो आम्ही.

त्या दिवसापासून बाटली लपवणं बंद केलं. रिकामी झालेली, धुऊन वाळवलेली एक बाटली झाकणासकट तिच्या जेवणाच्या ताटलीशेजारी ठेवली. जेवण आलं की बाटली तिथेच, जेवण संपलं की बाटली उचलायची. तीन-चार दिवसांत ती बाटलीला नाक लावून वास घ्यायला लागली. फ्रिजचंही तसंच. दिवसातून आठ-दहा वेळा दार उघडायचं, काकडीची एक चकती द्यायची आणि दार लावायचं. आठवडाभरात दाराच्या आवाजावर ती दिवाणाखाली जायच्या ऐवजी फ्रिजपाशी येऊन बसायला लागली. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढची पायरी हनुवटी टेकवण्याची. मी जमिनीवर बसून मांडीवर घडी केलेला नॅपकिन ठेवते. तिने त्यावर हनुवटी टेकवली की लगेच उकडलेल्या चिकनचा तांदळाएवढा तंतू. आधी एक सेकंद, मग दोन, मग पाच. ते जमल्यावर दुसऱ्या हाताने कपाळावर हात. मग वरची पापणी हलकेच वर. मग झाकण लावलेली बाटली डोळ्याच्या वर धरून बाजूला घ्यायची. प्रत्येक टप्प्यावर खाऊ, आणि ती डोकं काढून घ्यायला लागली तर काढू द्यायचं. हे "काढू द्यायचं" आम्हाला सगळ्यात अवघड गेलं आणि सगळा फरक त्यानेच पडला. निघून जाता येतं हे कळलं की कुत्रा थांबायला लागतो.

एकूण बारा दिवस लागले, दिवसातून तीन वेळा, दोन-दोन मिनिटं. त्याहून जास्त वेळ घेतला की ती कंटाळायची.

तुम्ही म्हणाल, बारा दिवस औषध बंद ठेवायचं का? नाही. तेवढ्या काळात खरं औषध वेगळ्या जागी, वेगळ्या माणसाने घालायचं. आम्ही सराव बैठकीत केला आणि औषध मागच्या बाल्कनीत घातलं, म्हणजे सरावाची जागा खराब झाली नाही. आणि जखमेसारखं काही असेल, दर दोन-चार तासांनी थेंब घालायचे असतील, तर तिथे शिकवत बसायला वेळ नसतो. तिथे दोन माणसांनी झटकन उरकायचं आणि सराव डोळा बरा झाल्यावर करायचा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की कुत्रा घालू देत नाही. कित्येकदा थेंबाऐवजी जास्त वेळ टिकणारं जेल किंवा मलम देता येतं आणि वेळा कमी करता येतात. आपण सांगितलंच नाही तर त्यांना कसं कळणार?

खाऊबद्दल एक. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा कुत्र्याला विषारी आहेत, आणि लाडाने दिलेली संत्रा बर्फीही नको. पग लवकर सुटतो, त्यामुळे खाऊ जितका दिला तितकं जेवण कमी करा. चिकन चालत नसेल त्या घरी पनीरचे बारीक तुकडे चालतात.

थेंब गालावरच पडतो

समोरून गेलं की असंच होणार. कुत्र्याला बाटलीचं टोक डोळ्याकडे येताना दिसतं आणि तो मान मागे घेतो. मागून जायचं.

मी गुडघ्यांवर बसते आणि चिंगीला दोन मांड्यांच्या मध्ये, तिची पाठ माझ्या पोटाकडे करून बसवते. तिला मागे सरकायला जागा राहत नाही, आणि पुढे तोंडासमोर कोणीच नसतं. डावा हात हनुवटीखाली, नाक छताकडे. बाटली उजव्या हातात, आणि त्या हाताचा तळवा तिच्या कपाळावर टेकलेला. हे टेकवणं फार महत्त्वाचं. डोकं हललं तर हात डोक्याबरोबरच हलतो, टोक डोळ्यात घुसत नाही. त्याच हाताच्या करंगळीने वरची पापणी किंचित वर ओढली की डोळ्याचा पांढरा भाग उघडा पडतो. थेंब तिथे, वरून, दोन सेंटीमीटर अंतरावरून. बुबुळाच्या मधोमध पाडला तर जास्त झोंबतो आणि डोळा घट्ट मिटतो. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला, केसांना लागता कामा नये. लागलं की जंतू बाटलीत जातात.

एकच थेंब पुरतो. डोळ्यात तेवढीच जागा असते, दुसरा थेंब गालावरून ओघळतो आणि पहिल्यालाही बरोबर नेतो. थेंब गेला की नाही अशी शंका आली तर कुत्र्याच्या तोंडाकडे पाहा. डोळ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते, त्यामुळे काही क्षणांत तो नाक चाटतो किंवा जीभ बाहेर काढतो. दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. थेंब आणि मलम दोन्ही असतील तर मलम शेवटी, कारण मलमाच्या थरावरून थेंब आत जात नाही.

पग, शिह त्झू, पेकिंगीज असे चपट्या तोंडाचे कुत्रे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं: मानगूट धरून मागे ओढू नका, गळ्यातल्या पट्ट्याला धरून तर अजिबात नाही. यांच्या डोळ्यांच्या खाचा उथळ असतात. मानेची कातडी जोरात ताणली गेली तर बुबुळासकट डोळा पापणीबाहेर येऊ शकतो. तसं कधी झालंच तर ओल्या स्वच्छ कापडाने डोळा झाकून, ढकलाढकली न करता, ताबडतोब दवाखाना.

मोठ्या कुत्र्याला मांडीत घेता येत नाही. त्याला खोलीच्या कोपऱ्यात ढुंगण भिंतीला लावून बसवा आणि शेजारी उभं राहा. वाकून त्याच्या अंगावर झुकू नका.

बाटलीचाच दोष असतो कधी कधी

आपल्याकडच्या बऱ्याच थेंबांच्या बाटल्यांना भोक पाडलेलं नसतं. झाकणाच्या आत एक छोटा काटा असतो. झाकण शेवटपर्यंत घट्ट फिरवलं की तो काटा टोकाला बारीक भोक पाडतो. हे न कळल्याने घरोघरी सुई तापवून, नाहीतर कात्रीने टोक कापून भोक मोठं करतात. मी पहिली बाटली कात्रीने कापली होती. मग थेंबाऐवजी धारच येते, कुत्रा दचकतो, औषध आठ दिवसांत संपतं आणि कापलेली कड खरबरीत राहते ती वेगळीच.

बाटली उघडली त्या दिवशी मार्करने तिच्यावर तारीख लिहा. बहुतेक बाटल्यांवर उघडल्यापासून एक महिन्यात वापरा असं छापलेलं असतं. महिना झाला की उरलेलं टाकून द्या, जीव कितीही तुटला तरी.

ठेवायचं कुठे, ते लेबलवर वाचा. २५ अंशांखाली ठेवा असं लिहिलं असेल तर मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, नागपुरातल्या कपाटात ते जमणारच नाही. तेव्हा फ्रिजच्या दारात, फ्रीझरमध्ये नाही. मेडिकलमधून आणताना स्कूटरच्या डिकीत तासभर विसरलेली बाटली वापरू नका. पण फ्रिजमधला गार थेंब डोळ्यात पडला की कोणीही दचकेल. म्हणून बाटली आधी दोन मिनिटं मुठीत धरायची. मलमाचंही तेच. गार ट्यूबमधून ते मेणासारखं निघतं आणि पापणीला न चिकटता बोटालाच परत येतं.

मलम नाकालाच लागतं

खालची पापणी बोटाने किंचित खाली ओढली की एक खळगा होतो. त्यात तांदळाच्या दाण्याएवढं मलम, मग पापण्या मिटवून वरून हलकं बोट फिरवायचं. ट्यूबचं टोक पाहून चिंगी बिथरायची, म्हणून डॉक्टरांना विचारून मी मलम हातमोजा घातलेल्या बोटावर घेऊन मागच्या बाजूने लावते. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस (कोरड्या डोळ्यांसाठीचंच दुसरं औषध) असेल तर हातमोजा घालाच, किंवा नंतर साबणाने हात धुवा.

टॅक्रोलिमसचं मलम त्वचेसाठीही मिळतं. नाव तेच, टक्केवारीही तीच असू शकते. दुकानातून घेताना ट्यूबवर "डोळ्यांसाठी" लिहिलंय का ते स्वतः वाचा.

मलम लावल्यावर काही मिनिटं धूसर दिसतं, तेव्हा कुत्रा दाराला धडकतो, बिचकतो. त्या वेळात जिन्यावर सोडू नका.

औषध नियमित जातंय, तरी डोळा तसाच

आधी पाहा, औषध चिपडांवरच पडतंय का? उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाने चिपडं भिजवून, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला पुसून घ्या, मग औषध. कोरडा कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात राहतात. आमच्याकडे आईच्या जुन्या मलमलच्या पंच्याचे चौकोन कापून ठेवले आहेत, रोज धुऊन उन्हात वाळवतो.

मग कूलर. नागपूरच्या उन्हाळ्यात कुत्रा कूलरसमोर तोंड करून पसरतो, आणि ते भणाणतं वारं डोळ्यांतला जेमतेम ओलावा घेऊन जातं. एप्रिलमध्ये चिंगीचे डोळे सुधारता सुधारता परत लाल झाले, तेव्हा औषध बदलायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "झोपते कुठे?" आम्ही कूलरचं तोंड वर फिरवलं, तिची गादी बाजूला घेतली. पंधरा दिवसांत लाली उतरली.

आणि धीर. सायक्लोस्पोरिनचा असर दिसायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत काही झालं नाही म्हणून बंद करू नका.

घरातलं दुसऱ्याचं औषध मात्र कधीच नाही. चिंगी तीन वर्षांची असताना तिचा डोळा लाल झाला होता. मी एका मेडिकलमध्ये "डोळे आलेत" एवढंच सांगून थेंब आणले. त्यात स्टेरॉइड होतं. तीन दिवसांनी डॉक्टरांनी रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं तर बुबुळावर हिरवा डाग चमकत होता. ती जखम होती. स्टेरॉइड जखम भरू देत नाही, उलट चिघळवतं. डोळा चोळू नये म्हणून महिनाभर गळ्यात प्लास्टिकचा कोन घालून फिरली बिचारी. म्हणून डोळा लाल दिसला की आधी ती रंगाची तपासणी, मग औषध. गुलाबपाणी, मध, तूप, बोरिक पावडर, काहीही नको. आईचा गुलाबपाण्यावर फार विश्वास, पण तो हिरवा डाग तिने स्वतः पाहिला आणि त्यानंतर ती बाटली देवघरातच राहिली.

तपासणी कुठे करायची असं कोणी विचारलं तर मी सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सांगते. १९५८ पासूनची संस्था आहे आणि तिथे शिकवण्यासोबत दवाखानाही चालतो.

तोंडाला फेस येतो

बाहुली मोठी करणारे अ‍ॅट्रोपिनचे थेंब अतिशय कडू असतात. घशात उतरले की कुत्रा भसाभस लाळ गाळतो. पहिल्यांदा पाहिलं की पाचावर धारण बसते, पण बहुतेक वेळा ती कडू चव असते. थेंबानंतर लगेच खाऊ द्या. बाहुली मोठी असेपर्यंत त्याला दुपारच्या उन्हात नेऊ नका.

चावायला येतो

गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय. ते दाबलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. जाळीच्या मुसक्याची सवय खाऊ घालून आधीच लावा, आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्यांसाठी वेगळा मुसका मिळतो तोच घ्या. श्वास कोंडणारी कापडी पट्टी उन्हाळ्यात नकोच. दात लागलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा, घरचा लस दिलेला कुत्रा असला तरी.

बाहेरगावी जाताना

हा आमचा शेवटचा अडलेला भाग होता. मी नसले की चिंगी कोणाकडूनच घालून घेत नव्हती. सरावातली एक चूक होती, सगळा सराव मी एकटीनेच केलेला. मग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी आईच्या मांडीवर. आईला गुडघ्यांवर बसता येत नाही, म्हणून ती सोफ्यावर बसते आणि चिंगी पायांच्या मध्ये. नऊ दिवस लागले. आता शेजारच्या काकूंची पाळी सुरू आहे. काल संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा पापणी वर केली, चिंगीने डोकं काढून घेतलं, त्यांनी काढू दिलं आणि ती स्वतःहून परत येऊन नॅपकिनवर हनुवटी टेकवून बसली. थेंब अजून घातलेला नाही, उद्या-परवा घालू.